चढावर मी उतरते

रविवारी सकाळी अदेलीनो चोक ओढतो.
एक कीक, दुसरी,
तिसरीला शिवी, चौथीला सुरू.
निळा धूर कुंपणावरून थेट
वाळत घातलेल्या चादरीत शिरतो,
आणि आठवडाभर आम्ही दोघं
ऑइलच्या वासात झोपतो.

फामेल, पन्नास सीसी, अठ्ठ्याहत्तरची.
इंजिन जर्मन, हाडं आगेदाच्या कारखान्यातली.
कारखाना बुडाला, ही अजून तरंगते आहे.
सीटचं कव्हर मी शिवलंय,
आमच्या जुन्या सोफ्याच्या रेक्झिनचं;
म्हणजे म्हटलं तर मी
आपल्याच दिवाणखान्यात बसून गावाबाहेर पडते.

चर्चसमोर एकोणीस गाड्या जमतात.
कासाल, साक्स, व्हितालीनोची ती झुंडाप
जिला तो कुणाला हात लावू देत नाही.
सगळे म्हातारे वाकून
एकमेकांच्या इंजिनात डोकावतात,
पोराला 'आ कर' म्हणून दात बघावेत तसे.
मग एकदम एकोणीस सायलेन्सर,
मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा चौक,
आणि कुत्री रस्ता सोडून देतात.

ग्रांदोला ते मेलिदेस, मध्ये डोंगर.
सपाटीवर आम्ही राजाराणी.
पण पहिल्या वळणापाशी इंजिन खोकू लागतं,
तो गिअर उतरवतो, पुन्हा उतरवतो,
आणि न बोलता खांदा जरासा तिरपा करतो.
मी उतरते.

बेचाळीस वर्षं उतरते आहे.
तो पहिल्या गिअरमध्ये, मी चप्पल सावरत,
दोघांचा वेग अगदी एक.
बाजूला बुचाची झाडं, सोललेली, तांबडी,
खोडावर पांढऱ्या रंगात सालाचा आकडा,
पुन्हा नऊ वर्षं हात लावायचा नाही.
आठचा आकडा होता तेव्हा, तिसऱ्या वळणावर,
त्याने सांगितलं की लुसिनियाने
लक्झेंबर्गलाच घर घेतलंय.
घरी तीन आठवडे हे त्याच्या पोटात होतं.
टेबलाशी बसून आम्ही कधी बोललोच नाही काही.
सूप, मीठ, बातम्या.
बोलायचं ते इथे, फटफटीवर आवाज चढवून.
भांडायचं तेही इथेच.
वरच्या टोकाला पोचलो की भांडण संपवावं लागतं,
कारण मागे बसायचं म्हणजे कंबर धरावी लागते.

व्हितालीनोचा नातू रूबेन हुशार पोरगा.
मार्चमध्ये गॅरेजात म्हणाला,
'काका, सिलिंडर बदलून टाकू, सत्तर सीसी,
दोघं भुर्रकन वर जाल,
काकूंचे गुडघे तरी वाचतील.'
अदेलीनोने फडक्याने स्पार्क प्लग पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला,
आणि माझ्याकडे बघितलं.
रूबेनने अजून किंमत सांगितलीच नव्हती.
मी म्हटलं, 'महाग आहे.'

पलीकडचा उतार वेगळा.
तो इंजिन बंद करतो, पेट्रोल वाचावं म्हणून,
मग फक्त टायर आणि वारा,
साखळीची किरकिर,
आणि दूरवर मेलिदेसचं पाणी, ताटात ओतल्यासारखं.
खाली बेल्मीराच्या टपरीवर
पावात घातलेलं गरम डुकराचं मांस,
बोटभर ग्लासात काहीतरी कडक.
तिथे बाकीचे विचारतात, उशीर का झाला?
तो म्हणतो, 'बायको जड झालीय.'
मी म्हणते, 'घोडा म्हातारा.'
हे दर रविवारी. तरी सगळे हसतात.

मागच्या रविवारी मात्र
चौथ्या वळणावर तोही उतरला.
हँडल धरून चालू लागला गाडीच्या पलीकडून,
बराच वेळ काही बोलला नाही,
एका झाडाशी थांबून आकडा वाचला, सहा.
ओलसर होता रंग अजून, बोटाला लागला.
नऊ मिळवून त्याने मनात काय बेरीज केली
मी विचारलं नाही.
'इंजिन तापलंय,' तो म्हणाला.
मी हात लावून बघितला नाही.